टेबल मिळणार नाही

शेफील्ड

डोरीन मावशी,

राणीच्या उत्सवाला गल्लीत पुन्हा जेवणावळ घालायची, म्हणून आमचं टेबल मागतेस? माझ्या लहानपणीही नेलं होतंस. घरोघरची टेबलं रस्त्यात जोडलीस, आमच्या टेबलावर आईनंच केलेला केक मांडलास, आणि सख्ख्या बहिणीला म्हणालीस, "तू आतच थांब. बिनलग्नाचं पोर घेऊन चारचौघांत मिरवू नकोस."

कागदी मुकुट घालून मी खिडकीतून केक संपताना पाहिला. आई म्हणाली, "छान फुगलाय ना गं?"

हे पत्र टाकणार नाही. टेबल न्यायला येशील, तेव्हा तोंडावरच सांगेन. यंदा ते आमच्याच दारात मांडणार, आणि आधी आई बसणार. तुला बसायचं असेल तर खुर्ची घरून आण.

तेच पोर,
लिनेट