बोटात अडकलेला हिरा

प्रिय नणंदबाई,

हो, हिराच. काच नाही, रंगीत खडा नाही, आणि भोंग्याने सांगितलं तसे पाच-सहा तर मुळीच नाहीत. एकच आहे, तांदळाच्या कणीएवढा. बातमी तुला आमच्या शेजारच्या भोंग्यानेच दिली हे मला पक्कं ठाऊक आहे. त्या बाईच्या पोटात पाणी राहतं तेच नवल, गोष्ट कुठली राहायला? वहिनी हिऱ्यांच्या दुकानात दिसली आणि सोबत एक पुरुष होता, असंच सांगितलं ना? दोन्ही खरं. पण तू फोनवर "हिरे कुणासाठी गं?" एवढंच विचारलंस आणि फोन ठेवलास, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तू भांडली असतीस तर मीही भांडले असते, दोघींचं पोट भरलं असतं. तू गप्प झालीस की मला तुझा दादा आठवतो. तोही असाच गप्प बसून मला घाम फोडायचा. तो गेल्यावर त्या घरातलं मला वहिनी म्हणणारं तुझं एकच तोंड उरलंय. तेही बंद झालं तर मी कुणाची कोण? म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितेय. मधेच उठून कुकर बघायला जाऊ नकोस.

तर तो पुरुष म्हणजे आमचे चष्मेवाले. माझ्या शिवणाच्या दुकानासमोर त्यांचं चष्म्यांचं दुकान. तू मागे आली होतीस तेव्हा तुझा चष्मा त्यांनीच सरळ करून दिला होता आणि तू म्हणाली होतीस, काय गं हा माणूस, काडी सरळ करतो आणि स्वतः वाकडा उभा राहतो. बायको जाऊन त्यांनाही बरीच वर्षं झाली. हल्ली त्यांच्या विजारी फार उसवायला लागल्या होत्या. आज ही शिवण, उद्या ती. आता मी शाळा शिकले गावात, तीही अर्धी, पण उसवलेली शिवण आणि ब्लेडने कापलेली शिवण यातला फरक मला अंधारातसुद्धा कळतो. मी आपली शिवून देत गेले. म्हटलं, बघू किती विजारी कापतात ते.

मग एक दिवस विजार न घेताच आले. एका बाईंना हिऱ्याची अंगठी द्यायचीय म्हणाले, आपल्याला त्यातलं काही कळत नाही, तुम्ही सोबत चला, त्यांचा हात साधारण तुमच्याएवढाच आहे. मी म्हटलं, बाई दिसायला कशी? म्हणाले, बरी आहे. मी म्हटलं, भांडखोर आहे का? म्हणाले, आहे. मग मोठीच घ्या, म्हटलं, नाहीतर तुमच्याच डोक्यात मारेल. बिचाऱ्यांचे कान लाल झाले.

दुकान म्हणजे नुसता थंडावा आणि उजेड. काळ्या मखमलीवर अंगठ्या मांडलेल्या, वरून दिवे असे सोडलेले की त्याखाली माझं शिवताना बोटात घालायचं पत्र्याचं अंगुस्तानही चमकलं असतं. दुकानदार चिमट्याने एकेक उचलून दाखवत होता आणि हिरा कसा ओळखायचा ते मला शिकवत होता. मी म्हटलं, आमच्या गुरुजींनी सांगितलंय, कोळसा आणि हिरा सख्खे भाऊ. एकाला मखमल, एकाला चूल, नशीब बघा. तो हसला. मग मी एक अंगठी उचलली आणि सरळ दाराकडे निघाले. बिचारा धावतच आला मागे! त्याला वाटलं, म्हातारी पळाली. अहो, म्हटलं, कापडाचा रंगसुद्धा आम्ही दिव्याखाली बघत नाही, उन्हात बघतो. बाहेर आणली तर ती अंगठी मरगळलेली. परत ठेवली.

चष्मेवाल्यांना आवडली ती एक उंच, चार नख्यांनी हिरा वर उचलून धरलेली. जणू बाईच्या बोटावर पाण्याची टाकी. मी पिशवीतून रेशमाची चिंधी काढली आणि अंगठी तिच्यावरून फिरवली. फर्रकन धागा निघाला. दुकानदार म्हणाला, बाई, अशी परीक्षा आजवर कुणी घेतली नाही. मी म्हटलं, ज्या बाईला द्यायची ती काय काम करते ते विचारा आधी. चष्मेवाले खाली बघून म्हणाले, शिवणकाम करते. झालं! आता तूच सांग, आमच्या रस्त्यावर शिवणकाम करणारी, भांडखोर आणि माझ्याएवढ्या हाताची दुसरी कोण आहे? पण मी मख्ख. म्हटलं, अरे वा, मग तर कोंदणातलीच हवी, हिरा सोन्यात बुडलेला, म्हणजे धागा ओढायचा नाही.

तशी एक निघाली. साधी, बुटकी, पण दारात नेली तर उन्हात अशी लखलखली की समोरून जाणाऱ्याने वळून बघितलं. चिंधीवरून दहादा फिरवली, एक धागा हलला नाही. दुकानदार म्हणाला, घालून बघा ना. घातली. तुला खरं सांगते, मला वाटलं होतं आता रडू येणार. तुझा दादा दर वर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी हिरा घेऊ, आणि पुढचं वर्ष आलं की म्हणायचा, घरात तू असताना दुसरा हिरा कशाला, उगीच चोरांची सोय. मी चिडायचे आणि तो हसायचा. पण बोटात अंगठी गेली आणि मला रडू आलंच नाही. मला त्याचं हसूच ऐकू आलं, चला, कुणीतरी घेतला बाई एकदाचा, असं म्हणाल्यासारखं. छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं बघ. इतकी वर्षं मी उगीच त्याला घाबरत होते.

आणि मग अंगठी निघेना. ओढली, फिरवली, साबण लावला, दुकानातल्या मुलीने थंड पाणी आणलं. बोट लाल झालं. शेवटी दुकानदार म्हणाला, कापावी लागेल, आणि बारीक करवत घेऊन आला. तेव्हा हा आमचा वाकडा माणूस पहिल्यांदा सरळ उभा राहिला. म्हणाले, कापू नका. जिथे जायची होती तिथेच गेलीय. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुमची हरकत नसेल तर राहू द्या. साऱ्या दुकानासमोर! मी म्हटलं, हरकत आहे की नाही ते माझी नणंद सांगेल. तोवर अंगठीवर पट्टी बांधून फिरेन, लोकांना सांगेन सुई टोचली.

म्हणून हे पत्र. पट्टी बांधलीय आणि ते समोरच्या दुकानात बसून माझ्या बोटाकडे बघतायत. तू ये, वाटल्यास खूप भांड, पण भांडून झालं की मला वहिनीच म्हण. तू म्हणालीस तर अंगठी परत करेन, हे देवाशप्पथ. ती कशी काढायची तेही तुला माहीत आहे. मी नवी नवरी होते आणि तू एवढीशी, पडद्याची कडी बोटात घालून बसली होतीस. बोट सुजलेलं, तू रडतेस, दादा पक्कड शोधतोय. मी कडीखालून दोरा घातला, बोटाला घट्ट गुंडाळला आणि उलटा सोडवत कडी काढली. तू माझ्या गळ्यातच पडलीस. त्या दिवसापासून आपलं जमलं. आता ऐक, आणि हसायचं असेल तर मोठ्याने हस. त्या दिवशी दुकानात दोऱ्याचं रीळ माझ्या पिशवीतच होतं, चिंधीच्या शेजारी. मी काढलं नाही. अंगठी अडकलीच नव्हती गं, मी बोट वाकवून धरलं होतं.

तुझीच, अजून तरी,
वहिनी