उजवीकडच्या गृहस्थांना आवतण

अकोला, शुक्रवार, २६ ऑगस्ट १९३८
सकाळचे साडेसहा. दवाखान्याच्या मागच्या पडवीत पट्ट्या उकळत ठेवून लिहीत आहे.

तीर्थस्वरूप किसनमामांस,

गोवर्धनचा दंडवत. मामींची दाढ, आपली कंबर आणि वांग्यांवरची कीड कशी आहे ते कळवावे. इकडे आपला लेक शेषराव जिवंत आहे. (हे वाक्य आधी शेवटी लिहिले होते. मग वाटले, आपण तिथवर पोचेपर्यंत मामी रडायला लागतील, म्हणून वर आणले.) पत्र बसून वाचावे. पत्र आणणारा फाटकाबाहेर थांबेल, त्याची काळजी तूर्त करू नये.

डॉक्टरसाहेबांनी दवाखान्याची संकटयोजना लिहिण्याचे काम माझ्यावर टाकले होते, कारण मी मराठी चौथीवरच थांबलो असलो तरी माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही. आग लागली, पूर आला, एकदम पुष्कळ माणसे जखमी झाली, तर त्यांना आणायचे कसे? म्हणून मी असे ठरवले, की दवाखान्याची घंटा सलग वाजली की भाजीबाजारातल्या माळ्यांनी आपापल्या बैलबंड्या रिकाम्या करून धावायचे. गेल्या पंधरवड्यात तालीमही झाली. (शालिकराम माळ्याला जखमी केले होते, म्हणजे खोटेच. पण त्याच्या बायकोला, जमुनाला, सांगायचे राहून गेले. तिने फोडलेला हंबरडा खरा होता, आणि अमरावतीहून आलेल्या मोठ्या साहेबांना सगळ्या तालमीत तोच फार आवडला.) बंड्या झटक्यात आल्या. साहेबांनी माझी पाठ थोपटली. तेव्हापासून मला वाटत होते, की काहीतरी राहिले आहे. काय ते मात्र सुचत नव्हते.

ते काल सुचले. काल पोळा होता.

तोरणाखाली बैल उभे होते, रंगवलेली शिंगे, झुली, सगळा थाट. शेषराव चारचौघांबरोबर एका मातीच्या भिंतीवर बसून पाहत होता. आठवडाभर पाणी प्यालेली ती भिंत एकाएकी खाली बसली. बाकीच्यांना खरचटण्यावर भागले, पण शेषरावाच्या मांडीत मोडकी फळी शिरली आणि रक्त थांबेना. मी माझे उपरणे फाडून मांडी आवळली आणि दवाखान्यात निरोप धाडला. घंटा वाजली, नियमाप्रमाणे सलग. एकही बंडी हलली नाही.

महादेवराव माळ्यांची बंडी समोरच उभी होती, बैल तोरणाखाली. मी ओरडलो, "महादेवराव, जुपा लवकर!"

"आज? पोळ्याले?" त्यांनी असे पाहिले, जणू मी त्यांच्या म्हाताऱ्या आईला जुंपायला सांगत होतो. "योजना लिहिताना पंचांग नाई पाह्यलं काय बाप्पा?"

पाहिले नव्हते. मामा, मोठ्या साहेबांचे सोडा, पण शेतकऱ्याच्या घरच्या माणसाला पोळा दिसू नये? शेषरावाचे ओठ पांढरे पडत होते. खाटेवर घालून नेले असते, पण मांडी दाबून धरायला कोणीतरी त्याच्या शेजारी बसणे भाग होते. मी महादेवरावांच्या पायांवर डोके ठेवले. त्यांनी पाय ओढून घेतले आणि बंडीचे जू उचलले.

"बैलाले सुट्टी हाये. मले कोनं देल्ली?"

ते डावीकडे लागले. उजवीकडे कोण? लोक एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात गर्दीतून एक गृहस्थ पुढे आले (पोळ्याला इकडे आलेले, आपल्याच गावचे; नाव पुढे लिहितो), त्यांनी जखमी कोण ते पाहिले, क्षणभर थांबले, आणि खांद्यावर पागोटे ठेवून त्यावर जू घेतले. दोघे वाटभर औतामागच्या भाषेत भांडत होते.

"तास सोडून कुठी चालला?"

"तूच धुऱ्यावर जाऊन राह्यला! बैल असता तं म्या तुले कवाच इकला असता!"

भांडणाने वेग वाढला, हे खरे. मी बंडीत शेषरावाच्या मांडीवर दोन्ही मुठी रोवून बसलो होतो आणि रक्त बोटांतून वर येत होते. एकदाच त्याने डोळे उघडले. "गोवर्धन, मेलो का रे मी?"

मी म्हणालो, "नाही रे, तालीम हाये."

तो हसला. मला हसता आले नाही.

डॉक्टरसाहेबांनी रक्तवाहिनी बांधली. संध्याकाळी म्हणाले, जीवही राहील आणि पायही. महिनाभर अंथरूण. मामींना हे दोनदा वाचून दाखवावे.

आपला आज्ञाधारक,
गोवर्धन

ता. क. उजवीकडच्या गृहस्थांचा खांदा सोलवटला होता. परवा बैलांचे खांदे शेकले तसे मी कोमट तूप-हळद लावून तो चोळत होतो. लहानपणापासूनची सवय, खांद्यावर हात फिरला की तोंड आपोआप बोलते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना म्हणतात तेच मी बोलून गेलो, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." त्यांनी मान वर करून विचारले, "कोनाच्या घरी?" माझ्या तोंडून आपले नाव गेले. त्यांनी पागोटे पुन्हा डोक्याला गुंडाळले. मग म्हणाले, "किसनराव पानी तरी देईन काय?"

दुसरा ता. क. ते गृहस्थ म्हणजे खुशालराव. होय, तेच. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून ज्यांच्याशी आपण नऊ वर्षे बोलला नाहीत, आणि ज्यांचे नाव निघाले की चूळ भरता, ते. आवतण आपल्या नावाने गेले आहे आणि 'उद्या' म्हणजे आजच. सकाळच्या मोटारीने ते निघत आहेत. त्यांना वाचता येत नाही, म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती देत आहे.

वर मी आपणांस बसून वाचायला सांगितले होते. आता उठावे. पुरण वाटायला मामींना वेळ लागेल, तोवर फाटकाबाहेर तांब्या घेऊन जावे. पाणी त्याच विहिरीचे असावे.