चकचकीत पिवळा

प्रिय धाकट्या,

फोनवर तू 'सगळं ठीक ना?' विचारतोस, मी 'ठीक' म्हणते. मग तू इकडची हवा विचारतोस, मी हवा सांगते. जिन्यात शेजारी भेटावेत तसं आपलं बोलणं. जे सांगायचं असतं ते मी फोन ठेवल्यावर भांडी घासताना सांगते आणि ते नळाखाली वाहून जातं. म्हणून आज दुपारनंतर दुकान बंद ठेवलं, शिवणयंत्रावर कापड टाकलं आणि त्याच टेबलावर कागद घेऊन बसले. अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे. गाड्यांची सीटकव्हरं शिवून शिवून हाताला आता सुईच कळते, पेन कळत नाही.

अण्णा बाहेरच्या खोलीत आहेत. तुझ्या भावोजींनी त्यांचा पलंग खिडकीशी सरकवून दिलाय, म्हणजे रस्ता दिसतो. समोर कुणी स्कूटर सुरू करायला लागलं की ते डोळे मिटून ऐकतात आणि सांगतात, प्लग साफ करायला झालाय. आजाराचं तुला माहीतच आहे, रिपोर्ट मी पाठवले होते. पण रिपोर्टात माणूस दिसत नाही. शर्ट खांद्यावरून घसरायला लागले म्हणून मी सगळे आत घेतले, तर म्हणाले, 'तू आपली घेत जा आत, मी जातो आणखी आत.' स्वतःच हसले. मला नाही हसता आलं.

परवा क्लबाच्या शेडवर जाऊन आले. आपण बांधलेल्या विमानावर पांघरलेली ताडपत्री अजून तीच आहे. एक कोपरा उचलला, तर तो पिवळा तसाच. इतकी वर्षं झाली तरी माझा चेहरा दिसला त्यात. रंग फिका पडला असता तर बरं वाटलं असतं बघ. आपण सगळे उतरलो आणि तो तेवढा तसाच राहिला, याचा मला उगाच राग आला.

अण्णा डेपोतून निवृत्त झाले तेव्हाचे दिवस आठवतात ना? पहिल्याच आठवड्यात त्यांनी घरातले सगळे नळ खोलून ठेवले होते. आई असती तर त्यांनाच खोलून ठेवलं असतं. तेव्हा तू फ्लाइंग क्लबात नुकताच लायसन्स मिळवून आला होतास आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर विमानाचे ते नकाशे पसरलेस. दोन सीटचं विमान, एकापुढे एक, लाकडाच्या फासळ्या आणि वरून कापड. मी म्हटलं, कापडाचं? पडदे का शिवायचेत? आणि अण्णांनी चष्मा लावून नकाशे असे काही बघितले की मी गप्पच झाले. त्यांना विमान चालवायचं नव्हतं कधीच. त्यांचं म्हणणं एवढंच होतं: 'जन्मभर लोकांच्या बसेस दुरुस्त करून पुढे पाठवल्या. एकदा आपण बांधलेल्यात पुढे बसायचं आणि तू नेशील तिकडे जायचं.'

सांगाडा तुम्ही दोघांनी केलात. कापड आलं तेव्हा मात्र माझी पाळी आली आणि खरं सांगू, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते. पंख उभा करून ठेवलेला, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अण्णा, मधे कापडाच्या दोन भिंती. मी लांब सुई आरपार घालायची, त्यांनी पलीकडून मेणाचा दोरा ओढून परत माझ्याकडे पाठवायची. फासळीमागून फासळी. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं म्हणून की काय, अण्णा त्या पंखाआडून जेवढं बोलले तेवढं जन्मात कधी बोलले नाहीत. आईबद्दल बोलले. तुझ्याबद्दल बोलले. तू पहिल्यांदा एकट्याने विमान उडवलंस त्या दिवशी ते डेपोतून रजा काढून क्लबाच्या कुंपणाबाहेर उभे होते, हे मला तिथेच कळलं. तुला त्यांनी कधी सांगितलं नसणार. मग तू इस्त्री फिरवून ते कापड ताणलंस आणि बोटाने टिचकी मारून बघितलीस. कसलं टणटणीत वाजलं होतं!

आणि मग रंग आला. क्लबातले रंगारीकाका आले होते ते आठवतंय? त्यांनी दोन्ही सांगितलं होतं. कापडी विमानांचा नेहमीचा मंद रंग घेतला तर हलका, कापडाबरोबर वाकतो, कुठे फाटलं तर पुसून ठिगळ लावता येतं. चकाकत मात्र नाही. दुसरा मोटारींना लावतात तसला. आरशासारखा दिसतो, पण जड, आणि एकदा चढला की उतरत नाही, उतरवायचा तर कापडासकट. तू म्हणालास, एकदाच बांधणार आहोत, तर दिसलं पाहिजे. काका म्हणाले होते, 'नवरीला नटवावं रे, पण नवरीला उठून उभं राहता आलं पाहिजे.' आपण सगळे किती हसलो. अण्णांनी तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, त्याला हवा तो घ्या. डेपोतल्या ग्रीसमध्ये सगळी उमर गेलेल्या माणसाला पोराने चकचकीत काहीतरी करू म्हटलं, ते नाही कसं म्हणणार?

तू शनिवार-रविवार येऊन फवारायचास. बाहेरून हवा येणारा तो मुखवटा लावून, नळी ओढत, पाणबुड्यासारखा. आधी उन्हापासून कापड वाचवणारा चंदेरी थर. त्यावर पिवळा बसेना, खालची चांदी डोकावत राहिली, म्हणून मधे पांढरा. मग पिवळा, पुन्हा पिवळा, आणखी एकदा पिवळा. शेवटच्या हाताला हवा दमट होती आणि तू घाईत होतास, सोमवारी तुला कामावर परतायचं होतं. डाव्या पंखावर आणि शेपटीवर ओघळ आले. तू ते बघून शेडच्या दारात बसलास, लहानपणी पतंग फाटला की बसायचास तसा. पुढच्या शनिवारी आलास तर ओघळ गायब. अण्णा म्हणाले, बारीक कागदाने घासले आणि पॉलिश मारलं, एवढंच. तू पंखावरून हात फिरवत म्हणालास, 'अण्णा, जादू आहे तुमच्या हातात.' चहा गार होतोय म्हणाले.

वजनाचा दिवस मी लिहिणार नव्हते, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तीन चाकांखाली तीन काटे. विमान तपासायला आलेल्या निरीक्षकांनी बेरीज केली, पुन्हा केली, आणि कागद तुझ्या हातात दिला. पेट्रोल धरलं, तुला धरलं, तर पुढच्या सीटसाठी उरत होते छप्पन्न किलो. अण्णा तेव्हा अठ्ठ्याऐंशी. तुझा चेहरा कागदासारखा झाला. सगळ्यांदेखत तू म्हणालास, 'माझ्या हट्टापायी झालं हे. रंगाने खाल्लं.' आणि आपण सगळे अण्णांकडे बघत राहिलो, ते 'जाऊ दे रे' म्हणतील म्हणून. ते फडक्याने हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते.

तू एकटा उडालास. खालून ते विमान इतकं सुंदर दिसलं की क्लबातली माणसं टाळ्या वाजवत होती. अण्णांनी डोळ्यांवर हात धरून शेवटपर्यंत बघितलं. तू उतरल्यावर जे म्हणालास ते मला अजून ऐकू येतं. सगळं कापड फाडून काढू, दोन वर्षं लागली तरी लागू देत, पुन्हा मंद रंग लावू, पण तुम्हाला बसवणारच. आणि अण्णा एकदम म्हणाले, 'त्याला ब्लेड लावायचं नाही. माझं नाव घेऊन तर नाहीच नाही.' एवढ्या कडक आवाजात ते माझ्या नवऱ्याशीसुद्धा कधी बोलले नव्हते. तुला वाटलं, यांनी आपल्याला माफ केलेलं नाही. मलाही तेच वाटलं. त्याच महिन्यात तू बदली मागून घेतलीस.

त्यानंतर इकडे काय झालं ते तुला ठाऊक नाही. अण्णांनी साखर सोडली. पहाटे उठून चालायला लागले. गुडघे सुजले तरी चालायचे. मी विचारलं तर म्हणायचे, डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टरांनी काही सांगितलेलं नव्हतं. वजन थोडं उतरायचं, पुन्हा चढायचं. एकदा वाण्याच्या काट्यावर उभे राहून आले आणि म्हणाले, हाडंच जड आहेत माझी, काय करणार. मग चालणं सोडलं. पण दर रविवारी शेडवर जाऊन इंजिन फिरवून यायचं मात्र सोडलं नाही. आजारी पडल्यावर त्यांनी ते काम क्लबाच्या मेकॅनिकला लावून दिलं. तू सुट्टीत यायचास, तेव्हा तू शेडचा विषय काढायचा नाहीस, ते काढायचे नाहीत, आणि मी तुम्हा दोघांना वाढत राहायचे. जीव तुटायचा. दोघांनाही हलवून विचारावंसं वाटायचं, पण विचारायचं काय तेच मला माहीत नव्हतं.

ते आता कळलं. गेल्या आठवड्यात मी अण्णांची दाढी करत होते. गाल आत गेलेत, त्यामुळे बोटाने कातडी ताणून धरावी लागते. साबण लावलेला असताना ते म्हणाले, 'धाकट्याने पाच हात दिले होते. वरचे दोन माझे.' मला आधी कळेना, म्हणून मी वस्तरा खाली ठेवला. मग हळूहळू सांगितलं. ओघळ घासता घासता खालचा पांढरा उघडा पडला. तेवढाच भाग रंगवला तर डाग दिसायला लागला. म्हणून मग पूर्ण पंख, आणि एका पंखाची झळाळी दुसऱ्याला मिळेना म्हणून दुसराही, मग शेपूट, मग सगळंच, दोनदा. चार दिवसांनी क्लबातले लोक बघायला येणार होते आणि पोराचं काम ओघळलेलं दिसलेलं अण्णांना चालणार नव्हतं. वजनाचं डोक्यात आलंच नाही. त्यांच्या जन्मात रंग जास्त झाला म्हणून कधी कुणी बस अडवली नव्हती.

'मग त्या दिवशी बोलला का नाही?' मी विचारलं. तर म्हणाले, 'तो जादू म्हणाला होता गं. जीभच उचलेना.' आणि कापड फाडू का दिलं नाही, तर ब्लेड लावलं असतं की कापडाच्या कडेला एकेक थर मोजता आला असता. तुला मोजता येतं हे त्यांना माहीत होतं. मग म्हणाले, 'मला वाटलं महिन्याभरात बोलेन. मग तू गेलेला होतास.' मला 'गेलेला होतास' म्हणाले बघ, माझ्याकडे बघत, पण ते तुझ्याशीच बोलत होते. मी विचारलं, सांगू का त्याला? त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. नको म्हणाले नाहीत. आपल्या घरात याला हो म्हणतात.

तेव्हा ते ओझं तू आता खाली ठेव. तुझा रंग जड होता हे खरं, पण तुझ्या पाच हातांत तुम्ही दोघं बसत होतात. निरीक्षकांना विचारून मी त्या दोन हातांचा हिशेब करून घेतला. जरा दाटीवाटीने, अण्णांनी चालून उतरवलं होतं तेवढं उतरवून, पण बसत होतात. हे लिहिताना मला रडू येतंय. रंगासाठी नाही येत. एवढी वर्षं तुम्ही दोघं एकमेकांसमोर ताटावर मान खाली घालून जेवलात, त्याचं येतंय. ती वर्षं परत कुठून आणू?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मंगळवारी अण्णांना तपासायला नेलं होतं. नर्सने त्यांना काट्यावर धरून उभं केलं आणि आकडा सांगितला, एक्कावन्न. डॉक्टर पुढचं काहीतरी समजावत होते आणि मी त्यांच्यासमोर बसून मनात छप्पन्नातून एक्कावन्न वजा करत होते. ज्या आकड्यासाठी म्हाताऱ्याने साखर सोडली, गुडघे झिजवले, तो आला, आणि आला तो असा. मी डॉक्टरांना विचारलं, विमानात बसवलं तर चालेल का. त्यांनी रिपोर्ट पुन्हा चाळले, मग म्हणाले, वारा नसेल अशा सकाळी एक छोटी फेरी, आणि लवकर. निरीक्षक शुक्रवारी येऊन कापड, इंजिन सगळं बघून गेले. विमान ठीक आहे. तू तिकडे अजून उडवतोस आणि तुझं लायसन्स चालू आहे, हे मी क्लबातून काढून घेतलंय. तुझं वजन तेव्हाचंच धरलंय. तिकडे जाऊन सुटला असशील तर आजपासून रात्रीचं जेवण बंद कर. अण्णांना मी अजून काही बोललेले नाही. तू निघालास की सांगेन. त्यांना हल्ली बसलं की हाडं टोचतात, म्हणून पुढच्या सीटची गादी उसवून मी आत जाड फोम घातलाय. घाबरू नकोस, तो तोलून, धरूनच हिशेब केलाय. ये.

तुझीच,
ताई