एलॉयसाठी घरी बांधलेल्या गाडीसंबंधी

मी, ऑरेलिया ताफोया, दिवंगत एलॉय ताफोया यांची पत्नी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा गॅसच्या पाइपलाइनवर वेल्डिंग, राहणार ॲझ्टेक, न्यू मेक्सिको, आज माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र लिहून देते. माझे हृदय आता कुरकुरते, डोके मात्र ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून भुलवलेले नाही. तसा प्रयत्न ज्यांनी पूर्वी केला, त्यांना तो किती फळला हे त्यांचे त्यांना ठाऊक. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम पहिले. राहते घर, अंगण, जर्दाळूचे झाड आणि गॅरेज माझी एकुलती एक मुलगी डेल्फिना हिला द्यावे. बँकेत जे असेल तेही, माझ्या दफनाचा खर्च वजा जाता, तिचेच. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. गॅरेजची मागची भिंत एका जागी नव्या विटांची आहे. तिला रंग देऊन ती लपवू नये. का, ते पुढे येईलच.

कलम दुसरे. वेल्डिंगचे मशीन, पाइप वाकवायचे यंत्र, ग्राइंडर आणि सगळे शिकंजे गावच्या शाळेच्या वर्कशॉपला द्यावेत. अट एकच. मुलींना बसतील अशा मापाचे हातमोजे शाळेने आणून ठेवावेत. मी उभी हयात पुरुषांच्या मापाच्या मोज्यांत काढली आणि बोटे भाजून घेतली.

कलम तिसरे. शेजारी वॉल्डन प्रुइट यांनी माझ्या ग्राइंडरच्या आवाजाबद्दल नगरपालिकेत अनेकदा तक्रार केली. त्यांना मी माझे आवाज अडवणारे कानावरचे बंद देते. चांगल्या स्थितीत आहेत. गाडी पूर्ण झाली त्या दिवशी हेच गृहस्थ कुंपणाशी उभे राहून टाळ्या वाजवत होते, म्हणून सोबत जर्दाळूच्या मुरंब्याची एक बरणीही द्यावी.

कलम चौथे. गाडी.

हिच्याविषयी सविस्तर लिहावे लागेल, कारण हिच्यावर दोघांचा डोळा आहे आणि जो खरा वारस आहे तो हात मागे घेऊन उभा आहे.

माझा नवरा एलॉय आणि त्याचा धाकटा भाऊ फर्मिन गॅसच्या विहिरीवर एकाच पाळीत काम करीत. एलॉय खाली, फर्मिन विंचवर, म्हणजे दोराने ओझी उचलणाऱ्या यंत्रावर. एके सकाळी विंचचा दोर तुटला आणि लोखंडी पाइप एलॉयच्या पाठीवर आला. तो वाचला, पण कमरेखाली कायमचा गेला. चौकशी झाली. दोर आतून कुजलेला होता, बाहेरून कोणालाच दिसला नसता, असे ठरले. सगळ्यांनी ते मानले. फर्मिनने मानले नाही.

एलॉय मूळचा खडकांवर गाडी घालणारा माणूस. रविवारी चर्च सुटले की आम्ही जुन्या जीपमधून चोकचेरी नावाच्या खडकाळ घळीत जायचो. इस्पितळातून आल्यावर तो खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसू लागला आणि बोलेनासा झाला. मी हिरव्या मिरचीतला बोकडाच्या मटणाचा रस्सा करी, तो दोन घास खाई. चर्चमधल्या बायका म्हणाल्या, "ऑरेलिया, प्रार्थना कर." केली. मग गॅरेज उघडले आणि पोलादी नळ्यांची ऑर्डर दिली.

बाजारातल्या गाडीत हाताने चालवायचा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर बसवून मिळतो, पण त्या गाड्या डांबरी रस्त्याच्या. मला खडकावरून लोळली तरी आतल्या माणसाला धक्का लागू न देणारी गाडी हवी होती. तेव्हा सांगाडाच नवा बांधायचा ठरवले. जीपचे इंजिन आणि ॲक्सल तेवढे जुने. गॅरेजच्या फरशीवर खडूने गाडी आखली. नळी वाकवायची, टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर चपखल बसेल असे खोलगट कापायचे, आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारायचे, माप जुळले तरच पक्का जोड घ्यायचा. नळीचे काम आयुष्यभर केले होते. पण त्या नळ्यांतून गॅस जायचा होता. इथे माझा माणूस बसायचा होता. एकेक जोड मी दोनदा तपासे.

फर्मिन दर रविवारी यायचा. घरात पाऊल टाकायचा नाही, गॅरेजच्या दाराबाहेर टोपी चोळत उभा.

"वहिनी, हे काय, कोंबड्यांचं खुराडं बांधतेस?"

मी काही बोलणार, तेवढ्यात मागून आवाज आला. एलॉय खुर्ची ढकलत दारापर्यंत आला होता.

"खुराडं असतं तर पहिला तुला कोंडला असता. आणि ऑरेलिया, तो तिरका पाइप चुकलाय. गाडी उलटी पडली तर छप्पर आत येईल."

कितीतरी दिवसांनी तो एवढे बोलला होता. पाइप चुकलाच होता. कापून काढला. त्या दिवसापासून एलॉय गॅरेजमध्येच बसू लागला. आम्ही सांगाड्यावरून इतके भांडलो की डेल्फिना म्हणाली, "मम्मा, पपा, तुम्ही आधीसारखे झालात."

सीटचे माप घ्यायला मी त्याला उचलून त्या उघड्या पिंजऱ्यात ठेवले. फळीवर, उशी टेकवून. तो तिथून उतरेना. जेवण तिथेच मागितले. टॉर्टियाच्या पोळीचे तुकडे हातात धरून समोरच्या भिंतीकडे असा बघत होता, जणू तिथे घळ होती.

त्याच भिंतीतून गाडी पुढे बाहेर काढावी लागली, कारण दारातून ती मावेना. फर्मिन म्हणाला, "बघा, पाइपलाइनवाली बाई! दाराचं माप घ्यायला विसरली." आणि घरून हातोडा घेऊन आला. भिंत त्यानेच फोडली, पुन्हा त्यानेच बांधली.

मग आम्ही रविवारी घळीत जाऊ लागलो. एलॉय चालवी, मी शेजारी. फर्मिन यायला तयार नसे. "माझी पाठ दुखते," म्हणायचा. एलॉय सीटवर थाप मारून बोलवायचा, हा बुटांकडे बघायचा.

एका उन्हाळ्यात मोठ्या पायरीसारख्या खडकावर चढताना मागचे चाक घसरले आणि आम्ही गडगडत खाली आलो. आभाळ, माती, पुन्हा आभाळ. थांबलो तेव्हा दोघे पट्ट्यांना उलटे लटकत होतो. मी हाका मारते तर एलॉय हसत होता. डोळ्यांतून पाणी येईस्तो हसत होता.

"ऑरेलिया, छप्पर आलं का आत?"

"नाही."

"मग मला बाहेर काढायची घाई कशाला करतेस?"

तेवढ्यात वरून धूळ उडवत कोणी धावत येताना दिसले. फर्मिन. तो दर रविवारी आपला ट्रक घेऊन आमच्या मागे, दिसणार नाही इतक्या अंतरावर यायचा, हे मला त्या दिवशी कळले. त्याने पट्टे कापले, भावाला मुलासारखा उचलून सावलीत ठेवला. मग परत गाडीकडे गेला आणि एकेका जोडावरून हात फिरवू लागला. रडत होता.

"एकही सुटला नाही, वहिनी. एकही नाही सुटला."

एलॉय सावलीतून म्हणाला, "दोर तुटला होता रे, फर्मिन. तू नव्हतास तुटला. आता तरी शेजारी बस."

तो बसला नाही. पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा आमच्या घरात येऊन जेवला.

एलॉयने ती गाडी पुढे पुष्कळ वर्षे चालवली. मागच्या हिवाळ्यात तो न्यूमोनियाने गेला, स्वतःच्या पलंगावर, एक हात माझ्या हातात आणि एक फर्मिनच्या. गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. कोलोरॅडोचा एक गृहस्थ तिला प्रदर्शनात ठेवू म्हणतो. जावई म्हणतो, त्याला द्यावी. दोघेही भले आहेत. पण दोघेही तिला पुसून ठेवतील.

म्हणून, सदर गाडी, तिचा सांगाडा, इंजिन, चाके व हाताचे ब्रेक यांसह, मी माझा दीर फर्मिन ताफोया याला देते. साखरेच्या आजाराने त्याचे उजवे पाऊल गेले आहे, तेव्हा पायाने चालवायची गाडी त्याला तशीही जमत नाही. अट अशी की त्याने ती चालवावी. ओरखडे पडू द्यावेत. डेल्फिनाने याला हरकत घेऊ नये. तिला ठाऊक आहे, हा काका तिच्या वडिलांच्या मागे किती मैल धूळ खात आला ते.

कलम पाचवे. मला एलॉयच्या डाव्या बाजूला पुरावे. गाडीत मी त्याच्या उजवीकडे बसायचे, आणि तो सबंध वाट माझ्या अंगावर झुकायचा. आता जरा मी झुकेन.

सहीपूर्वीची पुरवणी, स्वहस्ते. वकीलबाईंनी वरील मजकूर नियमाप्रमाणे मोठ्याने वाचला. ज्याला काही मिळते त्याने साक्षीला न बसणे बरे, म्हणून फर्मिनला अंगणात बसवले होते. खिडकी उघडी आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. चौथे कलम संपल्यावर तो कुबडी टेकत आत आला आणि टोपी काढून उभा राहिला.

"वहिनी, तू मेल्यावर मी एकटा त्या घळीत जाऊन काय करू?"

मी म्हटले, "मग?"

"मग काय? हाताचा ब्रेक कसा धरतात ते शिकव मला. आज."

डॉक्टरांनी मला धक्के खायला मनाई केली आहे. आपण हे काही ऐकलेच नाही, असे वकीलबाई म्हणतात. तेव्हा साक्षीदारांनी कृपा करून लवकर सह्या कराव्यात. तो ताडपत्री काढतो आहे, आणि गाठी त्याला सुटत नाहीत.

सही: ऑरेलिया ताफोया

आम्ही खाली सह्या करणारे असे लिहून देतो की, सदर बाईंनी शुद्धीवर व राजीखुशीने आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि आम्हीही त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या. सही होताच त्यांनी बूट मागितले.

साक्षीदार: १. आर्विला त्सोसी, शेजारीण
२. लॉइड कँडेलारिया, वकीलबाईंचे कारकून

ठिकाण: ॲझ्टेक, न्यू मेक्सिको
दिनांक: १९ ऑक्टोबर २०१९