रद्दीचा पूल

२ फेब्रु., सोमवार
सातवीला चिनाब नदीवरचा रेल्वेपूल दाखवला. प्रोजेक्टर हेडसरांच्या खोलीत, म्हणून सगळा वर्ग तिथेच जमिनीवर बसवला. कमान पडद्यावर आली आणि एरवी न ऐकणारी पोरं गप्प. समीर म्हणाला, "बाई, पयली गाडी नेली तवा डायवरला भ्या वाटलं असंल की." सांगितलं, आधी चाचणीच्या गाड्या नेतात, मापं घेतात, मग माणसं बसवतात.
ठरलं. आपणही पूल बांधायचा. रद्दीच्या नळ्यांचा, दोन बाकांच्या मध्ये. विटा पेलल्या पाहिजेत.

४ फेब्रु., बुधवार
नळ्या वळणं चालू. रेणुकाने सांधे बांधायला घरून सूत आणलं, वडील यंत्रमागावर आहेत. समीरच्या आईने चिकटवायला खळ शिजवून दिली. चौकोन लटपटतो, त्रिकोण हलत नाही, हे त्यांचं त्यांनीच शोधलं. मी फळ्यावर काढणार होते. नाही काढलं ते बरं.

६ फेब्रु., शुक्रवार
हेडसर बघून गेले. खूश. पुढच्या शनिवारी पालक मेळावा, नगरसेवकांच्या हस्ते उद्घाटन, पहिली वीट तेच ठेवणार. ठरवूनच टाकलं. मला विचारलं नाही, पण चालेल. पूल चांगला होतोय.

१३ फेब्रु., शुक्रवार
पूल काल पूर्ण झाला. आज मधल्या सुट्टीत रेणुका त्याखाली उताणी पडून सांधे दाबत होती.
"बाई, मधलं सांधा मऊ लागतंय."
हात लावला. खरंच. खळ आत ओलीच राहिली, वरून काही दिसत नाही.
समीर म्हणाला, "पाहुण्यांना नुसती फुलं ठेवू दे की. विटा नको."
"मग त्याला पूल कशाला म्हणायचं?" रेणुका.
सांधा सोडायचा तर मधला सगळा भाग उकलणार, पुन्हा जोडला तरी उद्यापर्यंत वाळणार नाही. दोघीतिघी रडल्या. पहिलं सूत मीच कापलं.
हेडसर म्हणाले, "एक दिवस टिकला असता हो, मॅडम."
टिकला असताही. पण मग पुलाचं जे शिकवलं त्याचं काय?

१४ फेब्रु., शनिवार
नगरसेवक आले. हार, फीत सगळं तयार, आणि पुलाचे दोन तुकडे. हेडसर माझ्याकडे बघेनात. मी बोलणार तोच रेणुका पुढे झाली. "सर, सांधा कच्चा निघाला. आमी सोडलाव. वाळल्यावर वजन ठेवून बघणार, मग तुमाला बोलावणार."
पाहुण्यांनी फीत घडी करून तिच्या हातात दिली. "बोलवा," म्हणाले आणि चहाला गेले. रागावले की काय, कळलं नाही.
मला मात्र हलकं वाटतंय.

१७ फेब्रु., मंगळवार
पुन्हा जोडलेला पूल वाळला. आज चाचणी. समीर एकेक वीट ठेवतोय, रेणुका खाली बसून सांध्यांवर नजर ठेवून. हेडसर दारात येऊन उभे राहिले. मध्येच पूल करकरला, थोडा वाकला. सगळे थांबले.
रेणुका म्हणाली, "वाकतंय, पर सांधा घट्ट हाय. ठेव."
जमवलेल्या विटा संपल्या. पूल उभाच. पोरांनी एवढा गोंधळ केला की शेजारच्या वर्गातून निरोप आला.
हेडसर आत आले, तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलले. "झालं ना? आता बोलवू पाहुण्यांना?"
"अजून न्हाय, सर," रेणुका म्हणाली. "कितीला मोडतंय ते बघायचं हाय."
"मोडल्यावर?"
"दुसरा बांधू की."
हेडसर पुलाभोवती एकदा फिरले. मग शिपायाला हाक मारून म्हणाले, "मागच्या बांधकामाच्या विटा कुठं ठेवल्यात रे?"