डाळमिलच्या वाघिणी

नांदुरा, २६ एप्रिल १९६१

प्रिय नीळकंठ,

दुसऱ्या घावाला शंकरराव टेबलावर कोसळले आणि त्यांच्या वजनाने डाळमिलचं धुराडं मोडलं. पुठ्ठ्याचंच होतं. तिसरा घाव मी खाली पडलेल्या माणसाला घातला, हेही तुला ठाऊक असावं. रक्त लाकडी फळ्यांवरून छोट्या रुळांत उतरलं. मी हातोडी पंच्याला पुसली आणि मिलच्या मागच्या दाराने बाहेर पडलो. दुपारची सुट्टी होती. हमाल निंबाखाली भाकरी खात होते. कुणी मान वर केली नाही.

राज्याला वर्ष होतं म्हणून बुलढाण्याला प्रदर्शन आहे. मालक म्हणून शंकररावांना त्यात आपल्या मिलची प्रतिकृती ठेवायची होती, मागच्या रेल्वे सायडिंगसकट, मालगाडीच्या वाघिणी उभ्या राहतात त्या रुळांसकट. शाळेचा ड्रॉइंग मास्तर म्हणून काम माझ्याकडे आलं. मुंबईहून त्यांनी पत्र्याची छोटी टाकीची वाघीण मागवली होती, निळी, चकचकीत. मी म्हटलं, डाळ टाकीत भरत नाहीत. ते हसले. "मास्तर, तुमी लय चिकित्सक. लावा तुमाले पायजे ते." मग मी सायडिंगवर जाऊन बसू लागलो. तिथे येतात त्याच वाघिणी करायच्या ठरवल्या. पोत्यांसाठी बंद वाघिणी, सरकत्या दाराच्या, अंगावर खडूने गावाचं नाव. बॉयलरच्या कोळशासाठी एक उघडी. गेरूत काजळी मिसळली की गंज बरोबर उतरतो. इतक्या आनंदात मी बरेच दिवस काही केलं नव्हतं.

पण वाघिणी हलतात कशा, तेही दाखवायला हवं होतं. मिल इंजिनाची वाट बघत नाही. हमाल खांदा लावतात, चाकाखाली पहार घालून रेटतात, आणि थांबवायला एक जण पुढे पळत जाऊन रुळावर लाकडी ठोकळा टाकतो. ते काम तुझ्या शालिग्रामचं होतं. पोळ्याच्या आठवड्यात ठोकळा ओल्या रुळावरून घसरला. कोळशाची वाघीण पुढच्या बंद वाघिणीवर गेली. मध्ये तो होता. वाघीण मागे रेटली तेव्हा तो उभाच्या उभा खाली घसरला. तूच त्याला गोणपाटात उचललंस. शंकररावांनी चौकशीत सांगितलं, रेल्वेच्या इंजिनाचा धक्का लागला. आणि तू भरबाजारात ओरडलास, "शंकऱ्या, तुले जित्ता नाही ठेवत." ते सगळ्या नांदुऱ्याने ऐकलं.

मी इंजिन केलं नाही. कागदाच्या लगद्याची माणसं केली आणि वाघिणीमागे खांदा लावून उभी केली. आज शंकरराव बघायला आले. "हे काऊन चिकटवले? कलेक्टर येऊन राह्यले. इंजिन लावा." मी म्हटलं, वाघिणी रेटायला इंजिन तुमच्या सायडिंगवर येत नाही. त्यांनी एकेक माणूस चिमटीत धरून तोडला. शेवटी राहिला ठोकळा घेऊन वाकलेला. त्याला उजेडात धरून म्हणाले, "हा त नीळ्याचा भाऊ दिसते. मेला तरी रुळावरून हटून नाही राह्यला बे." आणि अंगठ्याखाली चिरडला. हातोडी जवळच होती. मला राग आला होता असं मी म्हणणार नाही. हात उचलला गेला आणि मी तो अडवला नाही.

शंकररावांना अकोल्याला नेलं आहे. त्यांना शुद्ध नाही. चौकीदाराने त्यांना पाहिलं आणि तुझंच नाव घेतलं. सकाळी तू मोटार स्टँडवर दिसला होतास म्हणे. पोलीस तुझ्या घरी गेले, कणगी फोडली, तुझ्या आईचे, सोजरामावशींचे केस धरून त्यांना अंगणात आणलं. तू वडनेर भोलजीला बहिणीकडे आहेस, हे मावशींनी सांगितलं नाही. उद्या दुसरं कुणी सांगेल. पळू नकोस. पळालास तर गुन्हा तुझा होईल आणि माझ्या तोंडी जबाबावर कुणी विश्वास ठेवणार नाही, मित्राला वाचवतो म्हणतील. पोलीस आले की हे पत्र त्यांच्या हातात दे. हातोडी माझ्या खोलीत खाटेखाली आहे. पंचाही तिथेच आहे. धुतलेला नाही.

तुझाच,
उद्धव

ता. क. २७ एप्रिल. सकाळी अकोल्याहून निरोप आला. शंकरराव पहाटे गेले. पत्र वडनेरच्या मोटारीत कंडक्टरकडे देतो आणि ठाण्यात जातो.