खालून पाहिलंस ना

३ जून, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस छान गेला. खोलीला पूर्वेची खिडकी आहे, ऑफिस चालत दहा मिनिटांवर. आमचा ड्रॉइंग विभाग कारखान्याच्या शेडमध्येच, लोखंडी माळ्यावर आहे. माळ्याची जमीन जाळीची. खाली वेल्डिंग चालतं ते पायाखाली दिसतं. शेजारच्या वयस्कर ड्राफ्ट्समनला सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी चहा पाजला. आधीचा शेजारी त्यांचे कान खायचा, माझ्यासारखा घुम्या मिळाला म्हणून ते देवाचे आभार मानणार आहेत म्हणे. बऱ्याच दिवसांनी हसलो.

४ जून
टेबलावर लट्टू आहे. हे ऑफिसातलं नाव. जड बुडावर बसवलेली गोल मूठ. उजव्या हातात माऊस, डाव्या हाताची बोटं लट्टूवर. पुढे ढकलला की पडद्यावरचं मॉडेल लांब जातं, उचलला की वर येतं, पिळला की फिरतं, कलवला की कलतं. मूठ स्वतः मात्र जेमतेम केसभर हलते. मी जोर लावला आणि अख्खं मॉडेल पडद्याबाहेर भिरकावलं. मास्तर म्हणाले, अहो, नळ पिळताय का? झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर ठेवतात तसा हात ठेवा.

जुन्या ऑफिसातही मला लट्टू दिला होता. तो कपाटातच राहिला.

६ जून
पहिलं काम मिळालं. हा माळा वाढवायचा आहे, त्यासाठी आधी आहे तसा मॉडेलमध्ये रेखाटून घ्यायचा, टेबलखुर्च्यांसकट. दिवसभर टेप घेऊन हिंडलो. हात बसतोय. एकच खोड आहे: लट्टू सोडला की मॉडेल थांबायला हवं. माझं हळूहळू कलतं आणि खालची बाजू समोर येते. मास्तरांनी लट्टू शून्यावर आणून दिला.

११ जून
पुन्हा तेच. जेवून आलो तर पडद्यावर माळा खालून दिसत होता. नेमका माझ्या खुर्चीखालचा, माळा तोलून धरणारा ब्रॅकेट. त्याची आधारपट्टी गायब. मी ती रेखाटली होती, नक्की रेखाटली होती. खाली जाऊन पाहिलं. प्रत्यक्षात पट्टी जागेवर आहे, चांगली जाड. मॉडेलमध्ये पुन्हा रेखाटली.

१३ जून
मास्तरांनी त्यांचा लट्टू दिला. त्यावरही तसंच. मग वायरच उपटली.
मॉडेल कलतच होतं.

१४ जून
इथे तरी लिहून टाकतो.

दादा फिटर होता, मी त्याच कंपनीत ड्रॉइंगला. एका गॅलरीचा डावा ब्रॅकेट मी आरशातल्यासारखा उलटवून उजवा केला. उलटवताना खालची पट्टी आलीच नाही. वरून दोन्ही सारखे दिसत होते. बसवायच्या आधी दादाने फोन केला. धाकट्या, खालून फिरवून पाहिलंस ना? मी हो म्हणालो. पाहिलं नव्हतं. माझं ऐकून त्याने ब्रॅकेट बसवला आणि दुपारी गॅलरीवर चढला.

त्याला घेऊन गेले, त्या संध्याकाळी मी साइटवरचा ड्रॉइंगचा कागद उचलून आणला आणि फाडला. फाइल उघडून पट्टी घातली. दोन मिनिटांचं काम. चौकशीत ठरलं, ड्रॉइंग बरोबर होतं, फिटर पट्टी बसवायला विसरला.
मी मान खाली घालून ऐकलं. सगळ्यांना ते दुःख वाटलं.

१७ जून
ऑफिसात असताना वहिनीचा फोन. पोरीला शाळेत कुणीतरी म्हणालं, तुझा बाबा स्वतःच्याच चुकीने गेला. ती जेवत नाहीये. वहिनीने विचारलं, भावजी, एकदाच सांगा, मी परत विचारणार नाही. पट्टी तुमच्या ड्रॉइंगमध्ये होती ना?
होती, म्हणालो.
फोन ठेवला तेव्हा लट्टू पार खाली दाबलेला होता. मी हात लावला नव्हता.

१८ जून
पडद्यावर माळा खालून. जाळीवर बुटांचे तळवे. मी मॉडेलमध्ये माणूस काढलेला नाही. डावी टाच आतून झिजलेली — माझी.
खाली धावलो. ब्रॅकेटला बोल्टची भोकं आहेत, पट्टी नाही. मास्तरांना ओढत नेलं. त्यांना दिसते. हात लावून दाखवली — मला नुसता हवेत हात दिसला. म्हणाले, चार दिवस घरी जा, आपल्या माणसांत राहा.
आपल्या माणसांत.

१९ जून, दुपार
वही ऑफिसात आणली आहे. सगळे जेवायला गेलेत. वहिनीला कळवायचं. आज. मेल दोनदा लिहिला, दोनदा पुसला—
लट्टूवर हात ठेवला. मूठ कोमट. माझ्या बोटांवर बोटं आहेत. खरबरीत, ठिणग्यांचे डाग — ओळखतो. जोर नाही. झोपलेल्या बाळाच्या—
फिरवतोय. खाली. आणखी खाली.
पाहिलं, दादा. आता पाहिलं.
खुर्ची डावीकडे सरकतेय. पेन्सिली घरंगळल्या, जाळीतून खाली — आवाज उशिरा आला. हात सुटत नाही. उजव्या हाताने लिहितो, आधी हे—
वहिनी, दादा विसरला नव्हता. पट्टी माझ्या ड्रॉइंगमध्ये